प्लाझा मायोरमध्ये उगारलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. माझ्या मुठीखाली तपकिरी डाग दिसतो ना, तो चहाचा नाही. तो माणसाच्या रक्ताचा आहे. घाबरू नका, जवळ बसा.

जन्माने मी मानुकाचं झाड. ऑकलंडच्या माउंट रॉस्किलमध्ये विवेक नावाच्या गृहस्थांनी घरामागची जागा मोकळी करायला कुऱ्हाड घेतली आणि घावावर घाव घालून मला आडवं पाडलं. मग मला तासलं, तेल पाजलं आणि शेजारच्या सुधाकर आजोबांना देऊन टाकलं. आजोबा पुण्याचे, मुलाकडे म्हणजे चिरागकडे राहायला आलेले. गुडघे कुरकुरत, पण ऐट राजाची! कोपऱ्यावरच्या दुकानाला तिथे डेअरी म्हणतात. तिथून रोज दूध आणायला आम्ही जायचो. त्यांच्या एका हातात मी, दुसऱ्या हातात जँडल्स, म्हणजे तिथल्या रबरी चपला, फटफटवत चालणारी नात ओवी. "काठी झकास आहे हो," असं कुणी म्हटलं की मला मूठभर मांस चढायचं.

२००७ साली चिरागला कामासाठी माद्रिदला जायचं होतं. त्याने सगळ्यांनाच नेलं. निघताना बजावलं, "आई, तिकडे खिसेकापू हीप्स, ढिगाने आहेत. सोनं नेऊ नकोस." पण सुनेत्रा आजी ऐकतात होय? बंद घरात सोनं ठेवायचं नाही, हॉटेलवर विश्वास नाही. शेवटी तांदळाच्या डब्यात लपवतात तसं त्यांनी मंगळसूत्र रुमालात बांधलं आणि चिवड्याच्या स्टीलच्या डब्यात तळाशी ठेवलं. म्हणाल्या, "चिवडा कोण चोरतंय मेला!"

प्लाझा मायोर हा तिथला जुना, भव्य चौक. चारी बाजूंना तांबड्या भिंती, ओळीने सज्जे, खाली कमानी आणि मधोमध घोड्यावर बसलेला राजा. चिराग पुस्तकातून वाचून सांगत होता, की पूर्वी इथे बैलांच्या झुंजी व्हायच्या, माणसांना सर्वांदेखत देहदंड द्यायचे आणि लोक सज्ज्यांतून बघायचे. ओवी आजोबांना बिलगली.

"काय रानटी लोक!" आजोबा म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा.

दगडी बाकावर बसून सगळ्यांनी चिवडा खाल्ला आणि निघाले. कमानींपाशी पोचल्यावर आजी किंचाळल्या, "अगं बाई, माझा डबा!" तेवढ्यात गर्दीतून एक माणूस धावत आला. बगलेत आमचाच डबा!

"चोर!" आजोबा गरजले आणि मला डोक्यावर उचललं.

पहिला तडाखा त्याच्या मनगटावर बसला. दुसरा खांद्यावर. तिसरा कपाळावर. हाड कसं वाजतं ते मला त्या दिवशी कळलं, मित्रांनो. मला थांबायचं होतं, पण काठीला कोण विचारतो? माणूस कोसळला. डबा उघडला, चिवडा पांगला, रुमाल सुटला. कपाळातून रक्त गळत असताना तो माणूस गुडघ्यांवर रांगला, त्याने मंगळसूत्र उचललं आणि आजींपुढे धरलं. आजोबांनी त्या पुढे केलेल्या हातावर चौथा तडाखा हाणला!

"अहो, थांबा! द्यायला आलाय तो!" आजींनी मला दोन्ही हातांनी धरलं. तेव्हा कुठे आजोबांना त्याच्या कमरेचा ॲप्रन दिसला. कमानीखालच्या खाणावळीतला वाढपी होता तो. आम्ही बाकावर विसरलेला डबा द्यायला धावत आला होता. सज्ज्यांतून लोक बघत होते. त्या भल्या माणसाने पोलिसांत तक्रार केली नाही, म्हणून आजोबा सुटले.

ऑकलंडच्या विमानतळावर लाकडी वस्तू दाखवावी लागते. अधिकारीण बाईंनी मला फिरवून पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "ही कशासाठी वापरता?"

आजोबांच्या आधी ओवी बोलली, "फॉर हिटिंग."

त्या दिवसापासून तिने आजोबांचा हात धरला नाही. मला आजींनी गराजमध्ये गवत कापायच्या यंत्रामागे फेकलं. मार दिला आजोबांनी आणि कोंडवाडा मला! चीड आली मला, खूप चीड आली. कोळ्यांनी जाळी विणली. आजोबा कुंपण धरून दुधाला जात. एकदा पडले, गुडघा फुटला. ओवी खिडकीतून पाहत राहिली.

एका सकाळी आजोबांनी मला बाहेर काढलं. फाटकापाशी उभी असलेली ओवी मला बघताच मागे सरकली. आजोबांनी खालचं टोक स्वतः धरलं आणि मूठ तिच्याकडे केली.

"माझा हात नको धरूस. पण ही धर. मूठ तुझ्याकडे, म्हणजे मला उगारता येणार नाही."

बराच वेळ विचार करून तिने मूठ धरली. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला लंगडत आजोबा, अशी आमची वरात निघाली. डेअरीच्या पायरीशी आजोबांचा तोल गेला. ओवीने चटकन मला फिरवलं आणि मूठ त्यांच्या हातात दिली.

"हिअर, आजोबा. फॉर वॉकिंग."

आजोबा तिथेच ढसाढसा रडले. मीही रडले असते, पण लाकूड पडले.

मित्रांनो, घरातल्या काठीला तेल लावा, पावसात टाकू नका, हे तर खरंच. पण तेवढं नाही जमलं तरी चालेल. तिचं टोक फक्त जमिनीवर टेकलेलं राहू द्या.