विरामात घुसलेलं घराणं

अख्ख्या नाटकवाल्या घराण्यात ही एकटीच गप बसून लिहायची, म्हणून घरच्यांनी तिचं नाव ठेवलं मुकी. बाबा नाटकातले गाजलेले राजे, काका विनोदवीर आणि मावशी तर अशी नटी, की भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही तिच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी यायचं.

मुकीची पहिली कादंबरी प्रकाशकाच्या टेबलावर धूळ खात पडली होती. शेवटी तो म्हणाला, "वाचनालयात वाचून दाखवा. लोक शेवटपर्यंत बसले तर छापतो. उठले तर नमस्कार."

मुकीनं घरी बजावलं, "तुमच्यापैकी एकानंही यायचं नाही!"

"नाही गं येत," बाबा म्हणाले. इतकं सुंदर म्हणाले, की तिनं तिथंच ओळखायला हवं होतं.

वाचन रंगलं. गोष्टीतली बाई बंद दारापाशी येते, हात उचलते... आणि मुकी मुद्दाम थांबली. लोकांनी श्वास रोखला. प्रकाशकाची जांभई अर्ध्यात अडकली.

पण या घराण्याचा धर्मच एक: रंगमंचावर शांतता पसरली म्हणजे कुणीतरी वाक्य विसरलंय. काय वाट्टेल ते करा, पण सावरून घ्या!

मागच्या रांगेतला एक दाढीवाला ताडकन उठला. "कोण आहे रे तिकडे!" दाढीचं एक टोक सुटून लोंबू लागलं. बाबाच! पाठोपाठ काका खुर्चीसकट कोलमडले. आपण मागं राहतोय की काय, या धास्तीनं मावशीनं "अगं बाई!" करत अंग टाकलं, ते थेट ग्रंथपालाच्या मांडीवर. टाळ्या, शिट्ट्या! लोकांनी खुर्च्या मागं फिरवल्या. प्रकाशकानंसुद्धा.

मुकीला नुसत्या पाठी दिसल्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलावर चढून ती अशी गरजली, की रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली, "दार उघडलं!"

खुर्च्या गर्रकन वळल्या. मग श्वासालाही न थांबता तिनं शेवटचं पान गाठलं. एक माणूस हलला नाही. ग्रंथपालाला तर हलताच येत नव्हतं.

प्रकाशक धावत आला. "छापतो! पण ती बाई मांडीवर बेशुद्ध पडते, ते पान माझ्याकडे नाही."

"उद्या आणून देते," मुकीनं बेधडक ठोकून दिलं.

मावशीनं पडल्यापडल्या एक डोळा उघडला. "मला दोन वाक्यं टाक गं त्यात. एवढी नावाजलेली नटी मी, नुसती पडून राहू?"