आरतीत अडकलेली शर्यत

या, असे जवळ येऊन बसा. खांबाला टेकलेले काका, तुम्हीही पुढे सरका. मागे बसलं की डुलकी लागते आणि नावं मात्र गोष्टीला ठेवली जातात. आज राजाराण्यांचं आख्यान नाही. आज दहिसरच्या सहदेव परबांच्या सायकलचं सांगतो. हसाल, पोटभर हसाल, एवढं वचन देतो.

सहदेव परब बावन्न वर्षांचे. गिरणी सुटल्यावर बोरिवलीच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले होते. आणि माणसाला वेड एकच, कीर्तनाचं. घाटकोपरला कीर्तन आहे कळलं की निघाले. मुलुंडला सप्ताह लागला की सातही दिवस हजर. बुवांच्या मागे उभं राहून झांज धरायची आणि उत्तररंगात डोळे पुसायचे. हे सगळं सायकलच्या जिवावर. कीर्तन रंगल्यावर बस कुठली मिळायला?

पण त्या वर्षी, पंच्याऐंशीच्या डिसेंबरात, ते हायवेवर पडले. कीर्तनाच्या सुरुवातीचं नमन चुकेल म्हणून जोरात हाणत होते, खड्डा दिसला नाही. गुडघा सोलला, चष्मा फुटला. त्यांची बायको सुगंधा एरवी शांत, पण घाबरली की तिच्या तोंडी गावची भाषा यायची.

"सायकल बंद! बसचो पास काढा," ती म्हणाली. "परत पडलात तर माका कोण आसा?"

सायकल गेली म्हणजे कीर्तन गेलं, हे तिलाही ठाऊक होतं. तेवढ्यात गोरेगावच्या एका भजनी मंडळाने पंचविसाव्या वर्षानिमित्त आरे कॉलनीत सायकल शर्यत जाहीर केली. अट एकच, वय पंचेचाळीसच्या पुढे. सहदेवांनी नाव दिलं आणि घरी येऊन सांगितलं.

सुगंधाने तांदूळ निवडता निवडता विचार केला. "बरं. पहिल्या तिघांत आलात तर सायकल तुमची. नाहीतर गावी भावाकडे पाठवायची. मग कुरकुर नाही."

"नाही करणार," सहदेव म्हणाले. आणि लगेच चाकांत हवा भरायला गेले.

शर्यतीचा रविवार उजाडला. बारा स्पर्धक, बाराही भजनी. कुणी लेंगा सायकलच्या क्लिपने बांधलेला, कुणी कानटोपी घातलेली. बोरिवलीचे जयवंत कर्णिक मात्र मेव्हण्याने दुबईहून पाठवलेली गिअरची सायकल घेऊन आलेले. सहदेवांची काळी, दणकट सायकल बघून ते म्हणाले, "परब, हिच्यावर दुधाचे कॅनसुद्धा आणायचे होते!"

"कॅन तुमच्या मागे बसवू, कर्णिक. म्हणजे आमच्याबरोबर तरी राहाल."

शर्यत सुटायची होती साडेसहाला. पण प्रमुख पाहुणे उशिरा आले, मग नारळ फुटेना, मग अध्यक्षांना बोलायची हुक्की आली. सुटायला साडेसात वाजून गेले. वाट साधी होती: नाक्यापासून आत जायचं, पलीकडच्या टोकाला वळसा घ्यायचा आणि त्याच रस्त्याने परत. सुगंधा नाक्यावर, शेवटच्या रेषेपाशी उभी राहिली.

सहदेवांनी एक युक्ती योजली होती. मनात नामाचा गजर धरायचा. चढाला ठाय म्हणजे संथ लय, उताराला दुगुन म्हणजे दुप्पट. पायडल त्या ठेक्यावर. आणि काय सांगू, जमलं की! परतीच्या वाटेवर चेंबूरचे पोस्टमन शिवदास पहिले, कर्णिक दुसरे, आणि तिसरे आपले सहदेव. दोन्ही बाजूंना झाडं, तबेल्यांचा वास, आणि पुढे फक्त एक मोठा चढ आणि एक उतार.

तोच भोंगा घरघरला.

रस्त्याला लागून तबेलेवाल्यांचं छोटं मारुतीचं देऊळ होतं. आठ वाजले होते, आरती लागली होती. आता सांगा, उभ्या आरतीसमोरून पायडल मारत कोण जाईल? तेही भजनी मंडळाचा माणूस? शिवदासांचा पाय आपोआप जमिनीला टेकला. कर्णिकांनी ब्रेक दाबला, ते जवळजवळ त्यांच्यावर आदळले. सहदेवांनी चपला काढल्यासुद्धा. मागून एकेक करत बाराही जण आले आणि हात जोडून उभे राहिले.

पुजारी मधुकरबुवा सत्तरीचे, दमेकरी. मागे वळून बघतात तो अंगण भरलेलं! त्यांचे डोळे चमकले. रोज चार म्हशीवाले असायचे, आज एवढी मंडळी. त्यांनी सहदेवांची झांजेवरची नजर ओळखली आणि खुणेनेच ती जोडी त्यांच्या हाती दिली.

गणपतीची झाली. शंकराची झाली. बुवांना उत्साह चढला, त्यांनी देवीची घेतली. मागे चुळबूळ सुरू झाली. शिवदासांच्या टाळ्या हळूच जलद झाल्या, त्यांच्यामागे बाकीच्यांच्या. कर्णिक कानाशी कुजबुजले, "परब, झांज तुमच्या हातात आहे. पळवा ना लय! नाहीतर दत्ताचीही घेतील!"

सहदेवांचा हात शिवशिवला. तिसरा नंबर, सायकल, घाटकोपर, मुलुंड, सगळं डोळ्यांपुढून गेलं. एक ठोका जोरात घातला की बुवांना मागे यावंच लागलं असतं. पण बुवांची छाती भात्यासारखी हलत होती. दोन शब्द म्हणत, मग श्वास घेत. झांज गाणाऱ्याच्या मागून चालते, पुढून नाही, हे सहदेव लहानपणी शिकले होते. त्यांनी ठेका सावकाश ठेवला. बुवा श्वासाला थांबले की झांजही थांबे.

दत्ताचीही झाली. मारुतीची झाली. मंत्रपुष्पांजली झाली. प्रसादाचं केळं खिशात कोंबून अकरा जण सुसाट सुटले. सहदेवांना झांज पुसून परत द्यायची होती, म्हणून ते बारावे.

मग मात्र त्यांनी मान खाली घातली. चढावर बाकीचे धापा टाकत होते, सहदेव एकेकाला मागे टाकत निघाले. आठ जणांना गाठलं. उतारावर कर्णिक दिसले, अगदी हाताशी. रेषा आली, आणि कर्णिक अर्ध्या चाकाने पुढे गेले.

सहदेव चौथे.

टाळ्या वाजत होत्या. सहदेवांनी कुलपाची किल्ली काढली आणि सुगंधाच्या हातावर ठेवली. "चौथा आलो."

"दिसलं मला." तिने किल्ली उलटसुलट करून पाहिली. "ती झांज तुमची होती ना? भोंग्यावरून सगळं ऐकू येत होतं."

"हो."

कर्णिक घाम पुसत आले. "वहिनी, मी सांगत होतो पळवा म्हणून. ऐकतील तर शपथ!"

सुगंधाने किल्ली मुठीत धरली. मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही पडलात ते घाईने. आज सगळे घाईत होते आणि तुम्ही नव्हतात. असं चालवणार असाल तर ठेवा सायकल."

"खरंच?"

"हायवेने जायचं नाही, आतल्या रस्त्याने. डायनामो लावायचा. आणि किल्ली माझ्याकडे राहणार. कीर्तन कुठे, बुवा कोण, ते सांगायचं, मग मिळेल."

"आणि नमन चुकलं तर?"

"चुकूं दे! देव काय पळान जाता?"

सहदेव एवढे मोठ्याने हसले की अध्यक्षांचं दुसरं भाषण थांबलं.

तर मंडळी, सहदेवांची सायकल पुढे पुष्कळ वर्षं चालली, त्यांची काळजी नको. आठवण ठेवा ती मधुकरबुवांची. बारा जण शर्यत सोडून दाराशी उभे होते, हे त्यांना कधी कळलंच नाही. मारुतीने माणसं पाठवली, एवढंच ते सांगत राहिले. पुढच्या आरतीत पाय चुळबुळले, की त्यांच्या नावाने एक श्वास थांबा.