कमलबाईंच्या चार भाकरी

माझी बायको सुगंधा वारल्यावर शेजारच्या कमलबाई रोज दुपारी मला डबा पाठवू लागल्या. डबा त्यांची सून भाविका आणायची. एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, सातवा महिना. नवरा गोपाल सुरतला कामाला.

सुगंधा अंगणवाडीत मदतनीस होती. गल्लीतल्या पहिलटकरणींना ती दुपारी आमच्या ओसरीवर बोलवायची. मला एकटीला जेवण जात नाही, सुनेला पाठवा, असं त्यांच्या सासवांना सांगायची. खरं तर ती माझ्याबरोबर जेवून उठलेली असायची. पोरीसमोर पुन्हा बसायची आणि अर्धी भाकरी चघळत राहायची. तोवर पोर दोन खायची. मला वाटायचं, हिला गप्पांची हौस आहे. घरी या पोरींना पोटभर जेवू देत नाहीत, हे खरं कारण नर्सबाईंनी सांगितलं, तेही ती गेल्यावर.

त्याच दिवशी त्यांनी भाविकाला तपासलं होतं. दोन महिन्यांत तिचं वजन वाढलं नव्हतं. असंच चाललं तर मूल फार अशक्त जन्मेल, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी भाविकाला विचारलं, घरी किती जेवतेस? तिने खाली बघून सांगितलं, "एकच भाकरी, आबा. पोर मोठं व्हई तं बाळंतपणमा अडी जाई, सासूबाई म्हणतस."

डब्यात तीन भाकरी होत्या. मला एकही पुरती जात नव्हती. मी डबा तिच्याकडे सरकवला. ती माझ्याकडे पाठ करून बसली आणि तिने अडीच भाकरी खाल्ल्या. मग रोजच तसं होऊ लागलं. डबा रिकामा परत येतो म्हणजे मी सावरलो, असं कमलबाईंना वाटलं. त्यांनी चौथी भाकरी घातली.

पुढच्या तपासणीला भाविकाचं वजन दीड किलो वाढलं. त्या दुपारी कमलबाई स्वतः डबा घेऊन आल्या. माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"भाऊ, भाकरी चार जातस, अन् तुम्हना सदरा ढिलाच व्हत चालना. मंग भाकरी कोन खास?"

मी खरं सांगितलं. त्या ओसरीच्या कडेला बसल्या. त्यांचं पहिलं मूल दीड दिवस अडलं होतं, मेलेलंच आलं. तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. हे मला माहीत होतं, सगळ्या गल्लीला माहीत होतं. तरी त्यांनी ते पुन्हा सांगितलं.

मी म्हणालो, "पोर अडनं तं दवाखाना शे. पोटमाच सुकनं तं दवाखाना काय करी?"

त्या उठल्या. डबा ठेवून गेल्या. उद्यापासून सुनेला पाठवतील की नाही, याचा मी संध्याकाळपर्यंत विचार करत होतो.

दुसऱ्या दिवशी भाविका आली. तिच्या हातात दोन डबे होते, मागे कमलबाई. त्या आम्हा दोघांच्या मध्ये बसल्या आणि जेवणं होईपर्यंत उठल्या नाहीत. भाविकाचा डबा रिकामा झाला. दुसऱ्या डब्यात अर्धी भाकरी उरली, ती माझी.

ती त्यांनी घरी नेली नाही. संध्याकाळी खा, म्हणून झाकून ठेवली.