दीपमालाचं नेटवर्क

तेलगावच्या आश्रुबांच्या घरात दर मंगळवारी संध्याकाळी नेटवर्क जायचं. साडेसहाला वर्ग सुरू व्हायचा तेव्हा ते ठणठणीत असायचं. सातच्या सुमारास ब्रिटनमधल्या हेलन मॅडम "आता चर्चा करू या" म्हणाल्या, की ते नेमकं जायचं.

दीपमाला ही आश्रुबांची धाकटी लेक. घरी बसून तिनं ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्याच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला प्रवेश मिळवला होता. वर्गात पंधरा जण, नऊ देशांचे. शिकवलेलं तिला सगळं समजायचं. टिपणंही ती मोत्यासारख्या अक्षरात काढायची. पण चर्चेत तिचं नाव आलं, की ती कॅमेरा बंद करायची आणि खाली लिहायची, 'सॉरी मॅडम, नेटवर्क प्रॉब्लेम.' सहा मंगळवार हेच चाललं होतं.

खरं तर नेटवर्क कुठंही जात नव्हतं. पण हे एकट्या दीपमालाला ठाऊक होतं.

आश्रुबा एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते. गाडी बंद पडली तर सगळ्या प्रवाशांना उतरवून ढकलायला लावणारा माणूस. लेकीची अडचण ऐकून स्वस्थ कसा बसेल? पहिल्या आठवड्यात त्यांनी राउटर उचलून गच्चीवर नेला आणि ऊन लागू नये म्हणून त्यावर घमेलं पालथं घातलं. ते फारच बिघडलं, म्हणून परत खाली आणला. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या भारतच्या लिंबाच्या फांद्या छाटल्या, कारण त्या 'आडव्या येत्यात.' तिसऱ्या आठवड्यात घरोघर सांगून आले, की मंगळवारी साडेसहा ते आठ कुणी मोबाइलवर व्हिडिओ बघायचा न्हाई, आमची पोरगी इंग्लंडच्या मॅडमसंगं बोलायलीय. गल्लीनं ऐकलंसुद्धा. विजयमाला आजींनी तर आपली मालिका सोडली आणि दर बुधवारी सकाळी येऊन विचारू लागल्या, "काल बोललीस का गं?"

दीपमालाला आजींच्या तोंडाकडे बघवेना.

सातव्या आठवड्यात मॅडमची मेल आली. चर्चेतल्या सहभागाला वीस गुण आहेत, तुला अजून शून्य आहे. पुढच्या मंगळवारी विषय आहे 'लसीकरणातून सुटणारी मुलं'. तेव्हाही बोलली नाहीस तर या विषयात तुला उत्तीर्ण करता येणार नाही. तुझ्या नेटवर्कची मला काळजी वाटते.

काळजी आश्रुबांनाही वाटली. ते तालुक्याला जाऊन नेट जोडणाऱ्या लखनला मोटरसायकलवर बसवूनच घेऊन आले. लखननं सगळी वायर तपासली, वेग मोजला आणि चहाचा घोट घेऊन म्हणाला, "काका, नेट लई भारी हाय. गल्लीत असं कुणाचंच न्हाई. महिनाभरात एकदाबी गेलेलं न्हाई."

"मग माझी पोरगी खोटं बोलती का बे?"

लखननं एकदा दीपमालाकडे पाहिलं, मग कपाकडे पाहिलं. "काका, मी तारा बघतो. तारा चांगल्या हायत."

दीपमाला उठून स्वयंपाकघरात गेली. तिची आई, सिंधुबाई, मेथी निवडत होती. सिंधुबाई गावच्या आशाताई. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाच्या लेकराचा डोस राहिला, हे त्यांना तोंडपाठ.

"माय, नेट चांगलं हाय," दीपमाला खाली बसत म्हणाली. "मीच बोलत न्हाई. माझं इंग्रजी ऐकून समदे हसतील."

"आतापस्तोर कोण हसलं?"

"मी बोललेच न्हाई, तर हसतील कशाला?"

"मग तुला कसं ठाव, हसत्यात म्हणून?"

सिंधुबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"मी सांगते. तू हसतीस, म्हणून तुला ठाव. दिवाळीच्या टायमाला मी सरकारी दवाखान्यातल्या बैठकीहून आले आन 'इम्युनाझेशन' म्हणले. तू पोट धरून हसलीस. मैत्रिणीला फोन लावून तिलाबी ऐकवलंस. आठवतंय?"

दीपमालाला आठवत होतं. 'इम्युनायझेशन'मधला एक 'य' आईनं गाळला म्हणून ती आणि मैत्रीण किती वेळ हसत होत्या, तेही आठवत होतं.

"त्या दिवसापासून बैठकीत मी तोंड उघडलं न्हाई. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या गावातली अकरा लेकरं लसीची कावून राहिली? मला ठाव व्हतं. पण बोलायला गेले आन त्यो शब्द निघाला तर? गप बसले."

"काय ठाव व्हतं तुला?"

"ऊसतोडीला जाताना बाया लसीचं कार्ड हरवू नये म्हणून ट्रंकेत ठेवत्यात आन कुलूप लावून जात्यात. तिकडं कारखान्यावर नर्स आली, की पहिलं कार्ड मागती. कार्ड न्हाई म्हणून बाई लाजती, लेकराला पदराआड घेती. ज्या बाया जिवापाड जपत्यात, त्यांचीच लेकरं राहत्यात."

दीपमालाचा चेहरा उतरला. अकरा लेकरं! एका शब्दावर ती हसली होती, तो शब्द असा कुठवर जाऊन पोचला होता.

"तुला बोल लावत न्हाई मी," सिंधुबाई म्हणाल्या. "पण लोकांना हसायची सवय लागली, की आपल्यालाबी बोलायची धास्ती वाटती. जा, उद्या बोल."

मंगळवारी चर्चा सुरू झाली आणि दीपमालानं हात वर केला. कॅमेरा सुरूच ठेवला. खोलीच्या दारात सिंधुबाई उभ्या होत्या. आश्रुबांनी कॅमेऱ्यात आपण कुठं दिसत नाही याची खात्री करून तरीही भांग पाडून घेतला होता.

ती बोलू लागली. क्रियापदं मागंपुढं होत होती. ट्रंकेला इंग्रजीत ट्रंकच म्हणतात हे ऐन वेळी तिच्या ध्यानातून गेलं आणि ती म्हणाली, कार्ड 'आयर्न बॉक्स'मध्ये ठेवतात.

केनियाच्या डॅनियलनं काळजीनं विचारलं, "आमच्याकडे आयर्न बॉक्स म्हणजे इस्त्री. तुमच्याकडे कार्ड इस्त्रीत ठेवतात? जळत नाही?"

सगळा वर्ग हसला. दीपमालाचं बोट कॅमेऱ्याच्या बटणाकडे गेलं. तेवढ्यात आश्रुबांना 'बॉक्स' हा शब्द कळला. ते आत धावले आणि बायकोची लग्नातली ट्रंक दोन्ही हातांनी उचलून थेट कॅमेऱ्यासमोर आणून ठेवली. ठेवताना झाकण उघडलं आणि डांबरगोळ्या टणाटण जमिनीवर पसरल्या. सिंधुबाईंनी कपाळाला हात लावला. आता मात्र दीपमालालाच हसू फुटलं. "हे, हे! हाच तो बॉक्स!" ती म्हणाली.

मॅडमनी विचारलं, हे तुझे वडील का?

"जय भीम, मॅडम," आश्रुबा एसटीतल्या आवाजात म्हणाले. "मागच्यांना ऐकू येतंय का?"

पलीकडून सगळे एकदम बोलले. कुणी 'जाय बिम' म्हणालं, कुणी 'जे भाम', डॅनियलनं तर तिसरंच काही म्हटलं. आश्रुबांनी हात जोडले आणि प्रत्येकाला सांगितलं, "बरोबर, बरोबर." एकाचंही बरोबर नव्हतं. पण त्यांना काय म्हणायचंय ते पोचलं होतं.

दीपमालानं मग अकरा लेकरांची सगळी हकिगत सांगितली. ते ऐकून व्हिएतनामच्या लिन्हनं माइक सुरू केला. आजवर वर्गात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. अडखळत ती म्हणाली, आमच्या डोंगरात बायका कार्ड घरी ठेवून मळ्यात जातात, तिथंही असंच होतं. त्या दिवशी वर्ग वीस मिनिटं लांबला.

पुढच्या बैठकीत सिंधुबाईंनी 'इम्युनाझेशन' हा शब्द चार वेळा वापरला आणि सुचवलं, की तोडीला जाण्याआधी प्रत्येक कार्डाचा फोटो आईच्या मोबाइलमध्ये काढून द्यावा. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. फोटो काढायला दीपमाला आईबरोबर घरोघर हिंडली. त्या हंगामात अकरापैकी नऊ लेकरांना कारखान्यावरच लस मिळाली. उरलेल्या दोघांचा पत्ता सिंधुबाई अजून काढतायत. दीपमालाला वीसपैकी चौदा गुण मिळाले. सहा कशाचे कापले, हे मॅडमना विचारायला आश्रुबा तयारच होते, त्यांना आवरावं लागलं.

मंडळी, चुकीचा उच्चार कुणाचंच नुकसान करत नाही. आपण मात्र घरात, शाळेत, कचेरीत कुणी अडखळलं की आधी हसतो. आपलं हसू घटकाभरात संपतं, समोरचा माणूस वर्षानुवर्षं गप्प होतो, आणि त्याच्याजवळ सांगण्यासारखं काय होतं हे आपल्याला कधीच कळत नाही. म्हणून कुणी बोलायला उभं राहिलं, तर शब्द मोजू नका. त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घ्या.