एसीच्या पाण्यावरची पानवेल

सोमवारी सकाळी सात वाजता रेजिनाने राजीनामा साहेबांच्या टेबलावर ठेवला. १९८३ चा ऑगस्ट होता. आखातातल्या मनामा शहरातल्या त्या ऑफिसात ती सहा वर्षं टायपिंग करत होती आणि त्यातला एकही दिवस तिला वेगळा आठवत नव्हता.

आठवत होती ती पानवेल. वसईहून आणलेली वेल नळाच्या खाऱ्या पाण्याने दोनदा जळाली. मग तिने एसीखाली बादली लावली आणि त्या गोड्या पाण्यावर तिसरी वेल गॅलरीच्या छतापर्यंत गेली. ती बघायला जवळच्या जिदहफ्स गावचा रोपांचा नर्सरीवाला हाजी मुद्दाम जिना चढून आला आणि रेजिनाला कामाला ये म्हणाला.

"बापाने वाडीतून काढून शिकवलं तुला," नवरा थॉमस आदल्या रात्री जेवताना म्हणाला होता, "आणि तू समुद्र ओलांडून पुन्हा पाटाचं पाणीच वळवणार?"

"इथे पाट कुठेय? बादली आहे."

"व्हिसा कंपनीचा आहे, रेजिना. त्यांनी सोडलं नाही तर थेट मुंबईचं विमान."

"माहीत आहे."

तिला भीती वाटली नाही, आनंदही झाला नाही. वेलीला नवं पान फुटलं की आत काहीतरी हलायचं, एवढंच तिला ठाऊक होतं.

आता साहेबांनी राजीनामा वाचला.

"दुसरीकडे कामाला जायला रिलीज मिळेल ना, सर?"

"इंशाल्ला," म्हणत त्यांनी कागद ट्रेमध्ये टाकला.

रेजिना जागेवर जाऊन पुढचं पत्र टाइप करू लागली. दुपारी ऑफिस सुटलं तेव्हा कागद ट्रेमध्येच होता. सही झालेली नव्हती.