कॅमेरा फाटकावर राहिला

बारकी लग्नांचे फोटो काढायची. वय चाळिशीला टेकलं होतं, तरी घरात सगळे तिला बारकीच म्हणत. "जरा हसा, दात नाही दाखवले तरी चालतील," हे वाक्य तिने इतक्या नवरानवरींना ऐकवलं होतं, की ती ते झोपेतही बडबडते असं बाबा म्हणत. आणि आज नवरा होते खुद्द बाबाच.

बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. आई गेल्यावर दुकान आणि घर, घर आणि दुकान, एवढंच त्यांचं जग उरलं. मग गुडघ्याने कुरकुर सुरू केली, डॉक्टरांनी पोहायला सांगितलं आणि जन्मभर पाण्याला बिचकणारा हा माणूस चड्डी-टोपी घेऊन तलावावर गेला. तिथे शिकवायला कोचबाई होत्या. आवाज असा, की शिट्टीची गरजच पडू नये. त्यांनी बाबांना आधी तरंगायला शिकवलं, मग हातपाय मारायला, आणि पुढचं दोघांनी मिळून ठरवलं. घरी ही बातमी सांगताना बाबा लाजून कितीतरी वेळ आधीच स्वच्छ असलेला चष्मा पुसत बसले होते.

बारकी म्हणाली होती, "छानच की!" खोटं नव्हतं ते. पण आत कुठेतरी आईची आठवण कुसळासारखी टोचत होती. म्हणून तर फोटोंचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं. डोळ्याला कॅमेरा लावला की आपण लग्नात असतोही आणि नसतोही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

लग्न होतं सरकारी नोंदणी कार्यालयात. फाटकावरच्या सुरक्षारक्षक बाईंनी तिची बॅग उघडायला लावली.

"कॅमेरा इथेच ठेवा. टोकन घ्या."

"अहो, मी फोटोग्राफर आहे. कॅमेऱ्याशिवाय मी काय, नुसती बाई!"

"नुसत्या बायांना आम्ही आत सोडतो."

"नवरदेवाची सख्खी मुलगी आहे ती," मामा मध्ये पडला. हा तिच्या आईचा भाऊ. भावजींचं एकटेपण बघवत नाही म्हणून साक्षीदार व्हायला सगळ्यांआधी तोच तयार झाला होता.

सुरक्षारक्षक बाईंनी भिंतीवरच्या फलकाकडे बोट केलं. लेखी परवानगीशिवाय इमारतीत छायाचित्रण व चित्रीकरण करण्यास सक्त मनाई. "यात मुलींना सूट कुठे लिहिलीय, दाखवा. आणि फोन खिशातच राहू द्या बरं का, काका."

बारकीचा पारा चढला. कॅमेरा जमा करून, टोकन घेऊन ती तडक विवाह अधिकाऱ्यांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. मागोमाग बाबा, कोचबाई आणि तिघे साक्षीदार, म्हणजे कोचबाईंची बहीण, तिचा नवरा आणि मामा, अशी वरातच आली.

अधिकारी शांत माणूस होता. "मॅडम, या दालनात लग्नंही होतात, घटस्फोटाची कागदपत्रंही येतात आणि भाडेकरारही नोंदवले जातात," तो म्हणाला. "मध्ये एका नवरदेवाच्या मित्राने इथे व्हिडिओ काढला, हौसेने सगळीकडे पाठवला. मागच्या रांगेत एक बाई उभ्या होत्या. मारकुट्या नवऱ्यापासून लपून या गावात आल्या होत्या. व्हिडिओवरून नवऱ्याला गाव कळलं आणि शोधत शोधत तो त्यांच्या दारात येऊन उभा राहिला."

"मग?" कोचबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"शेजारी धावून आले म्हणून वाचल्या. तेव्हापासून आम्ही कडक झालो."

बारकीने मान वळवून बाकांकडे पाहिलं. एक माणूस कागद छातीशी घट्ट धरून बसला होता. एक मुलगी रुमालाने डोळे टिपत होती. आपण काढलेल्या हजारो फोटोंत नवरानवरीमागे अशी किती माणसं आली असतील, हा विचार तिने कधी केलाच नव्हता. तिचा पारा झरकन उतरला.

"परवानगी मिळत नाही असं नाही," अधिकारी पुढे म्हणाला. "आधी अर्ज केलात तर बाजूची खोली रिकामी करून देतो. पुढच्या आठवड्यातली तारीख देऊ का?"

बाबांनी बारकीकडे पाहिलं. "तुझ्यावर आहे बाळ. फोटो हवेच असतील तर थांबू आपण. आम्हाला कसली घाई?"

कोचबाईंचा हात बाबांच्या कोपराशी होता, तो हळूच खाली आला. बारकीला ते दिसलं. एक शब्द बोलायची खोटी, आणि आठवडाभर सगळं पुढे ढकललं गेलं असतं. क्षणभर तो शब्द जिभेवर आलाही.

"छे! आजच," ती म्हणाली. "एवढे नटलात ते काय परत जायला?"

बाबांचा जीव भांड्यात पडला. शपथेचा कागद हातात आला. पण दोन शब्द वाचले नाहीत तोच त्यांचा आवाज अडकला. कान लालबुंद झाले.

"श्वास घ्या," कोचबाई तलावावरच्या सवयीने गरजल्या. "आता सोडा. हं, चला!"

सगळं दालन हसलं. रुमालवाली मुलगीसुद्धा हसली. बारकीचा हात सवयीने गळ्याशी गेला, तिथे कॅमेऱ्याचा पट्टा नव्हता. मग तिने तो हात तसाच खाली घेतला आणि नुसतं बघत राहिली. बाबांनी शपथ घडाघडा वाचली.

आणि तेवढ्यात मामाच्या खिशातून आवाज आला, "अहो, मला नुसता अंधार दिसतोय! नवरी कुठंय? फोन सरळ धरा!"

ही मामी. पाय प्लास्टरमध्ये म्हणून घरी अडकलेली. मामाने तिच्यासाठी गुपचूप व्हिडिओ कॉल लावून ठेवला होता. सुरक्षारक्षक बाई कुठून उगवल्या कळलं नाही. "चला काका, फोन जमा करून टोकन घेऊन या." मामा मुकाट्याने त्यांच्यामागून निघाला.

"तिसऱ्या साक्षीदाराची सही कोण करणार आता?" अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं. "पुढचं जोडपं खोळंबलंय. दुसरं कुणी सज्ञान आहे?"

कोचबाई बारकीकडे वळल्या. "तू करशील? नसेल जमत तर मामांची वाट बघू. मला चालेल."

त्या असं विचारतील असं बारकीला वाटलं नव्हतं. तिने पर्समधून ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. "पेन कुणाकडे आहे?"

सही करताना तिचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळे होते, तिने खुशाल पुसले. मग बाबांच्या गळ्यात पडली, आणि जरा संकोचून कोचबाईंच्याही. त्यांनी मात्र संकोच वगैरे काही न करता तिला असं करकचून आवळलं, की तिच्या बरगड्या कुरकुरल्या.

फाटकाबाहेर फूटपाथवर तिने हवे तेवढे फोटो काढले. बाबांनी प्रत्येकात डोळे मिटले. मग सगळे जेवायला मामाकडे गेले, तर मामी दारातच खुर्ची टाकून बसलेली.

"माझा कॉल तोडला मेल्यांनी! पहिल्यापासून सांग गं बारके, काही गाळू नकोस."

एरवी बारकीने फोटो पुढे केले असते आणि गप्प बसली असती. आज ती ताट हातात घेऊन सांगायला बसली. टोकनपासून सुरुवात केली, अधिकाऱ्याची नक्कल केली, मामाचा पडलेला चेहरा करून दाखवला. मामा म्हणाला, "एवढा काही पडला नव्हता." बाबा हसता हसता ठसकले.

"श्वास घ्या!" बारकी कोचबाईंच्या आवाजात गरजली.

"असं नाही, पोटातून," कोचबाई म्हणाल्या आणि तिला नीट ओरडायला शिकवू लागल्या.