घरातला हार्ट पेशंट

चामराजपेटेतल्या त्या गल्लीत कुणाच्या छातीत कळ आली, की लोक डॉक्टरांच्या आधी भगवंतरावांकडे यायचे. कारण दोन वर्षांपूर्वी, ब्याण्णव साली, खुद्द भगवंतरावांना हार्ट अटॅक आला होता. तोही असातसा नाही, भर पोस्टात, रांगेत उभे असताना छाती धरून ते धाडकन कोसळले होते. तेव्हापासून या विषयातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. आलेल्या माणसाला समोर बसवून ते तीन प्रश्न विचारायचे. छातीच्या मधोमध दगड ठेवल्यागत वाटतं का? कळ डाव्या हातात उतरते का? उभं राहणं अशक्य होतं का? तिन्हीला हो आलं तर हार्ट. नाहीतर, "गॅस आहे हो. जिऱ्याचा कषाय, म्हणजे काढा हो, घ्या आणि स्वल्प आडवे व्हा." लोक त्यांना अण्णा म्हणायचे आणि त्यांचं ऐकायचे. आजवर कुणाचं काही बिघडलं नाही, हे नशीब म्हणायचं, ज्ञान नव्हे.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी मथुराबाईंनी माळ्यावरून बाहुल्यांची ट्रंक उतरवली. दसऱ्याला पायऱ्यांवर बाहुल्या मांडायची पद्धत या घरात किती पिढ्यांची, ते कुणालाच माहीत नव्हतं. ट्रंक चांगली जड. पण मुलगा म्हैसूरला नोकरीला आणि भगवंतरावांना वजन उचलायची बंदी, मग उचलणार कोण? मथुराबाईच. ट्रंक खाली ठेवली आणि त्या तिथंच जमिनीवर बसल्या, जबड्याला हात लावून.

"काय गं, काय होतंय?" भगवंतरावांनी पेपर बाजूला ठेवला आणि लगेच तिन्ही प्रश्न विचारून टाकले.

"छातीत नाही दुखत हो. जबडा ओढल्यागत होतोय. पाठीत जड वाटतंय. आणि मळमळतंय."

"हात?"

"हात ठीक आहे."

झालं! भगवंतरावांनी तीन दुखण्यांना तीन कारणं देऊन टाकली. पाठ ट्रंकेमुळं, मळमळ रिकाम्या पोटामुळं आणि जबडा त्या किडलेल्या दाढेमुळं. त्या सकाळी गार वारा सुटला होता, माणसं स्वेटर घालून दूध आणायला निघाली होती आणि मथुराबाईंच्या गळ्यावरून घाम निथळत होता. तो भगवंतरावांना दिसला नाही असं नाही. दिसला. त्यांनी उठून पंखा लावला. त्यांच्या तीन प्रश्नांत घाम कुठं होता?

कषाय झाला, सोडा झाला. जबड्याची ओढ काही जाईना. तेव्हा साडेदहाला दाताचा दवाखाना उघडल्याबरोबर ते बायकोला घेऊन निघाले. दवाखाना कोपऱ्यावरच, पण पहिल्या मजल्यावर. मथुराबाई जिन्यात दोनदा थांबल्या. "भ्यायचं काय त्यात? दाढच काढायची आहे," भगवंतराव वरच्या पायरीवरून म्हणाले.

डॉक्टर हयवदन कन्नड घरातले, तरणेच होते, पण गल्लीतल्या मराठी माणसांशी मराठीतच हौसेनं बोलायचे. त्यांनी मथुराबाईंना खुर्चीत बसवलं आणि छोट्या आरशानं एकेक दात पाहिला. दाढेवर ठोकलं. "दुखतं, अक्का?"

"नाही."

दुसरीकडे ठोकलं. तिथंही नाही. डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी मथुराबाईंच्या कपाळावरचा घाम पाहिला, मनगट धरलं.

"चावताना दुखतं?"

"चावताना नाही. आत्ता जिना चढले ना, तेव्हा फार ओढलं. बसले की जरा कमी होतं."

डॉक्टरांनी आरसा ट्रेमध्ये टाकला. "अण्णा, हा दात नाही. हे हार्ट असू शकतं. आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं."

भगवंतराव चक्क हसले. "डॉक्टर, तुमची गडबड होतेय. हार्ट माझं आहे. हिचं नाही."

"अण्णा..."

"अहो, मला आलाय ना अटॅक! छाती दुखली नाही, हात दुखला नाही, जिना चढून आली ती. अशानं कुठं..."

"बायकांना पुष्कळदा असंच येतं!" एरवी हळू बोलणारे हयवदन केवढ्यानं तरी ओरडले. "जबडा, पाठ, मळमळ, घाम. छाती दुखलीच पाहिजे असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. भगवंतरावांच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी असायची, ती त्यांनी घाईघाईनं काढली आणि स्वतःच्याच तोंडात टाकली. हयवदननी तिकडं बघितलंसुद्धा नाही. अॅस्पिरिन चालतं का, कधी पोटात रक्तस्राव झालाय का, हे मथुराबाईंना विचारून त्यांनी एक गोळी त्यांना चावून खायला लावली. खालच्या शिंप्याच्या दुकानातून दोन माणसं बोलावली. "एक पायरी उतरू द्यायची नाही," म्हणत बाहेरच्या साध्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट त्यांना खाली नेलं आणि आपल्या मारुतीत घातलं.

हॉस्पिटलात ईसीजीचा कागद निघाला. ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा पाहिला आणि नर्सला काहीतरी भराभर सांगितलं. मग त्या भगवंतरावांकडे वळल्या.

"अटॅक चालू आहे. गुठळी विरघळायचं इंजेक्शन देतोय. थोडं आधी आणायला हवं होतं, पण अजून वेळ गेलेली नाही. कधीपासून होतंय यांना?"

"आज सकाळी आठपासून," भगवंतराव म्हणाले. निदान हे उत्तर तरी त्यांना येत होतं.

"नाही," स्ट्रेचरवरून मथुराबाई म्हणाल्या. "गौरी-गणपतीपासून."

भगवंतरावांना वाटलं, बायको भ्रमात बोलतेय.

"गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, की जबडा ओढायचा. पायरीवर बसले, की जायचं."

"महिनाभर?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "तेव्हाच आला असतात तर आजचा हा प्रसंग टळलाही असता! घरी कुणाला सांगितलं का नाही?"

मथुराबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "यांनाच सांगायचं होतं. पण यांच्या डॉक्टरांनी मला बजावलंय, यांना धक्का बसेल असं काही बोलायचं नाही. म्हटलं, माझ्या जबड्यापायी यांना काही झालं तर?"

भगवंतरावांना तिथल्या तिथं मेल्याहून मेल्यासारखं झालं. गल्लीतले परके लोक येऊन त्यांना छाती दाखवून जात होते. आणि हिनं, शेजारी झोपणाऱ्या बाईनं, महिनाभर दुखणं गिळलं, ते त्यांचं हार्ट सांभाळायला! त्यांना स्वतःचा राग आला, तिचाही आला. स्ट्रेचरची कड धरून, सगळ्या वॉर्डादेखत, बासष्ट वर्षांचा तो माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला.

नर्स सुई टोचत होती. मथुराबाईंनी मोकळा हात कसाबसा त्यांच्यापर्यंत नेला.

"अहो, रडू नका ना असं," त्या घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या, "तुम्हाला चालत नाही."